बोलणारी: सासूबाई

६ जानेवारी

आजपासून ऑफिस घरात. शब्दकोश कचेरीने मला तीन महिने घरून काम करायची परवानगी दिली आहे. पुरवणी खंडातला 'बायकांसाठी वापरले जाणारे बोलीतले शब्द' हा विभाग माझ्या वाट्याला आला. संपादक म्हणाले, "बाई, हा विभाग घ्यायला कोणी तयार नाही. पुरुष लाजतात आणि बायका चिडतात. तुम्ही दोन्ही करत नाही." ही स्तुती आहे असं मी धरून चालले आहे.

जेवणाचं टेबल भिंतीला सरकवून त्यावर सात खोकी मांडली. एका शब्दाला एक चिठ्ठी: शब्द, अर्थ, बोलणारा किंवा बोलणारी, साल, एक वाक्य. बरं-वाईट ठरवायचं नाही, फक्त नोंद करायची. एकवीस वर्षं हेच करत आले.

घरून काम घ्यावं लागलं ते सासूबाईंमुळे. वय एक्क्याऐंशी, विसरण्याचा आजार. गेल्या बुधवारी मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्या दार उघडून बाहेर पडल्या. दोन तासांनी सापडल्या, त्या टपाल कचेरीत. रांगेत उभ्या राहून नंबर लावला होता आणि खिडकीवरच्या माणसाला सांगत होत्या, "मला माझ्या आईकडे पाठवा. पत्ता मी सांगते." आता लिहिताना हसू येतंय, पण त्या दिवशी घरात कोणी हसलं नाही. हे तर बोललेच नाहीत. यांचं चिडणं तसंच असतं, आवाज न करता.

शनिवारी यांनी बाहेरच्या जाळीच्या दाराला नवं कुलूप आणलं. कामावर जाताना बाहेरून लावतात, संध्याकाळी साडेसहाला येऊन उघडतात. किल्ल्या दोन, दोन्ही यांच्याकडे. मी म्हटलं, एक माझ्याकडे असू दे. "तू ठेवतेस आणि विसरतेस. परवा काय झालं?" झालं होतंच ना.

आतलं लाकडी दार उघडं ठेवता येतं. वारा येतो, जिन्यावरची माणसं दिसतात. कामाला बैठक तरी मिळेल.

९ जानेवारी

'बाई' हा शब्द पूर्ण केला. आठ चिठ्ठ्या. एके काळी नावाला जोडला की मान वाढायचा, आता 'आज बाई आली नाही' म्हणजे भांडी तशीच पडली. 'बया'चंही तेच. जुन्या चिठ्ठ्यांमध्ये बया म्हणजे आई, आणि आता 'ही बया' म्हटलं की समोरची म्हणजे डोक्याला ताप. शब्द एकदम खाली पडत नाहीत, एकेक पायरी उतरतात. हे वाक्य प्रस्तावनेत चालेल का? जरा नटवं वाटतंय.

दुपारी सासूबाईंना आंघोळ घालत होते. पाणी गरम लागलं असावं. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "टवळी."

तेवीस वर्षांत त्यांनी मला कधी 'ए'सुद्धा म्हटलं नव्हतं. हातात तांब्या घेऊन मी तशीच उभी. मग त्यांना पुसलं, गाऊन घातला, आणि ओल्या हातानेच चिठ्ठी लिहिली. टवळी. बोलणारी: सासूबाई, ८१. आमच्याकडे या शब्दाला छापील पुस्तकांतले दाखले आहेत, जिवंत माणसाच्या तोंडचा एकही नव्हता.

थोडं लागलं मनाला. ते लिहायला चिठ्ठीवर रकाना नाही, म्हणून इथे.

१३ जानेवारी, मंगळवार

कचेरीतल्या शिपाईबाई चिठ्ठ्यांची दोन खोकी घेऊन आल्या. दर मंगळवारी येणार आहेत. खोकं काही जाळीतून आत येईना. शेवटी त्या जिन्यातच मांडी घालून बसल्या आणि एकेक गड्डी गजांमधून आत देऊ लागल्या.

"ताई, हे कुलूप बाहेरून आहे."

"सासूबाई निघून जातात ना, म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मला कुठे जायचंय?"

"आग लागली तर?"

"कशाला आग लागेल?"

"लागत नाही हो. लागली तर, असं विचारलं."

मी विषय बदलला. विचारलं, तुमच्या तरुणपणी रस्त्यावरची पोरं काय म्हणायची? त्या खुशीत आल्या. "सुरुवातीला पाखरू. मग चीज. एकाने फटाकडी म्हटलं होतं, त्याला मी छत्री हाणली. आता म्हणतात, ओ मावशी, बाजूला व्हा. चीज गेली, मावशी आली. खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं मला."

अकरा चिठ्ठ्या झाल्या. चहा जाळीतून द्यावा लागला. कप आडवा करून चालत नाही, म्हणून वाटीत दिला.

१८ जानेवारी

रविवार. हे घरी, जाळी उघडी. "तुला कुठे जायचं असेल तर सांग, मी आईजवळ बसतो," असं आपणहून म्हणाले. किती तरी वेळ विचार केला, एकही जागा आठवेना. शेवटी बादली आणायला गेले. जुनी चांगली होती.

यांचं कौतुक एवढ्यासाठी की रविवारी आईची नखं हेच कापतात, पायाला तेल लावतात. असं करणारे मुलगे किती असतात?

२१ जानेवारी

लेकीचा वसतिगृहातून फोन. तिला म्हटलं, आजकालचे शब्द दे.

"आयटम लिहिलंस का? खोडून टाक. आता फक्त काकालोक म्हणतात."

"छावी?"

"आई! ते तुझ्या काळातलं. आता 'पापाची परी' म्हणतात."

"हे तर छान आहे."

"छान नाही गं. स्कूटर शिकताना पडली की पापाची परी. काही येत नाही आणि बापाच्या जिवावर उडते, असा अर्थ."

परी! लाडाचा शब्द, त्याचा दगड करून मारतात. मग ती म्हणाली, मैत्रिणी एकमेकींना 'भावा' म्हणतात. का, विचारलं तर म्हणाली, "बाईचे सगळे शब्द वापरून खराब झालेत. म्हणून त्यांचे उचलले."

हे वाक्य प्रस्तावनेत घालायचं, माझं काढून.

शेवटी तिने विचारलं, "आई, तू बाहेर कधी गेली होतीस?" म्हटलं, रविवारीच, बादली आणली. तिच्या परीक्षेचं विचारलं मग.

२७ जानेवारी

सासूबाईंचे शब्द एकतीस झाले. सटवी, कैदाशीण, अवदसा, उंडगी, घोडी, आणि काही असे की या वहीतही लिहायला हात अडतो. चिठ्ठीवर मात्र लिहिले. संपादकांना फोनवर यादी वाचून दाखवली. "सोनं आहे हे, बाई. साठ वर्षांपूर्वी घरात काय बोलत होते ते कोणी लिहूनच ठेवलं नाही."

दोन गोष्टी टिपून ठेवते. एक म्हणजे, शिवी देताना त्यांचा आवाज बदलतो. एक आवाज जाड, छातीतून निघणारा. दुसरा चिरका, नाकातला. दोन्ही त्यांचे नाहीत. दुसरी गोष्ट, काल माझ्या हातून पातेलं पडलं. त्या जाड आवाजात म्हणाल्या, "घोडी! हात मोडले का?" आणि लगेच स्वतःच कोपर वर करून डोकं झाकून घेतलं. शिवी देणाऱ्यानेच मार का चुकवावा? आजाराचाच भाग असेल. डॉक्टरांना विचारायला हवं.

यांना सांगितलं तर हसले. "आईला असले शब्द येतच नाहीत. तूच दिवसभर पुटपुटत असतेस, तिने ते उचलले." असूही शकेल. तरी खोकी उघडून पाहिली. 'उंडगी' माझ्या एकाही चिठ्ठीवर नव्हता.

३ फेब्रुवारी

संपादकांचा निरोप: १२ तारखेला सकाळी अकराला बैठक, सर्व विभागप्रमुखांनी यायचं. तिथे कोणाचा विभाग छापायला जाणार ते ठरेल. एकवीस वर्षांत मी विभागप्रमुख पहिल्यांदाच.

यांना विचारलं, त्या दिवशी दुपारपर्यंत घरी थांबाल का? "बघू," म्हणाले. नंतर चहा पिताना म्हणाले, "थांबतो." मला इतका आनंद झाला की दोन वेळा धन्यवाद म्हटलं. नवऱ्याला धन्यवाद! यांनाही विचित्र वाटलं असेल.

१२ फेब्रुवारी

हे नऊ वाजता गेले. मी आत केस विंचरत होते. कुलपाचा आवाज आला तेव्हा वाटलं, दूधवाल्यासाठी उघडलं असेल. फोन केला तर म्हणाले, "अरे, आज होतं का? डोक्यातून गेलंच. आता अर्ध्या रस्त्यात आहे."

पर्स खांद्याला, चप्पल पायात, मी जाळीपाशी उभी. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जाता जाता विचारलं, "बाहेर निघालात?" मी "हो" म्हटलं. ते पुढे गेले.

अकराला संपादकांनी फोनवरच बैठकीत घेतलं. मी बोलायला लागले. आधी शब्द सुंदरपणावर असतात, मग वागण्यावर, मग बाहेर जाण्यावर. बाई घरात बसली तर तिला शब्द नाही, उंबऱ्याबाहेर पडली की दहा. हे मी बोलत असतानाच मागून सासूबाई ओरडल्या, "नटून कुठे चाललीस गं उंडगे?"

पलीकडे सगळे हसले. "दाखला आपणहून आला," कोणीतरी म्हणालं. मीही हसले.

विभाग मंजूर झाला. पण शेवटचं वाचन कचेरीतच बसून करावं लागेल, १० मार्चपासून तीन आठवडे. "नाही जमलं तर सांगा, दुसऱ्या कोणाला देऊ. घर आधी," संपादक म्हणाले. फार समजूतदार माणूस. या समजूतदारपणाचीच मला भीती वाटते.

संध्याकाळी हे आल्यावर म्हणाले, "घरात चप्पल घालून काय फिरतेस?" दिवसभर पायातच राहिली होती.

१८ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. काल मंगळवार होता.

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सासूबाई न्हाणीघराच्या दारात पडल्या. आवाजावरूनच कळलं, हाड मोडलं. त्यांना हलवलं नाही, डोक्याखाली उशी दिली, अंगावर शाल टाकली. रुग्णवाहिकेला फोन केला, मग यांना. नऊ वेळा. घंटी वाजत राहते, कोणी उचलत नाही.

रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली. दोघं जण स्ट्रेचर घेऊन धावत जिना चढले आणि जाळीपाशी थांबले. "बाई, उघडा."

"किल्ली नाही."

"म्हणजे?"

"किल्ली माझ्याकडे नसते."

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत जे होतं, त्याला शब्द असेल तर मला तो चिठ्ठीवर नको आहे.

तेवढ्यात शिपाईबाई खोकं घेऊन वर आल्या. एका नजरेत त्यांना सगळं समजलं. खोकं जिन्यातच टाकून उलट्या पावली पळाल्या, वय साठ त्यांचं, आणि समोरच्या जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यातून मशीनवाल्याला घेऊन आल्या. तो कुलूप कापू लागला. ठिणग्या आत येत होत्या. कानठळ्या बसवणारा आवाज.

तो आवाज ऐकून सासूबाई बोलायला लागल्या. आधी जाड आवाजात: "बस आत, उंडगे. दिवस मावळेपर्यंत बस. मग बघते कुठे जातेस." मग चिरक्या आवाजात एक घाण शब्द. आणि मग तिसराच आवाज. बारीक, एखाद्या मुलीचा.

"नाही जात हो कुठे. आईला पत्र टाकायला गेले होते फक्त. उघडा ना. पुन्हा नाही जाणार."

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. दीड महिना ते शब्द मला दिले जात होते असं मी समजत होते.

चिठ्ठी काढली नाही.

२० फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. खुब्यात खिळे घातले. हे दोन दिवस झोपलेले नाहीत, डोळे लाल. उपाहारगृहात समोरासमोर बसलो.

"कुलूप कापायच्या आधी मला विचारायचं होतंस."

"नऊ फोन केले."

"मीटिंग होती."

जरा वेळाने मी विचारलं, "तुमच्या लहानपणी आईंना कोण कोंडायचं?"

मला वाटलं चिडतील. पण कोणी शाळेची आठवण विचारावी तसे ते सहज बोलले. "आजी. कधी कधी बाबा. आईला बाहेर जायची फार खोड होती. आमच्या मागच्या खोलीला कडी होती, तिला कुलूप. मी शाळेतून आलो की आजी किल्ली माझ्या हातात द्यायची. दादाच्या नाही हं, माझ्या. मी शहाणा म्हणून."

"मग?"

"मग मी उघडायचो. दप्तरसुद्धा खाली ठेवायच्या आधी. एक दिवससुद्धा विसरलो नाही." थकलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. "आई बाहेर येऊन मला जवळ घ्यायची."

माझा चहा गार झाला होता. त्यांनी तो बदलून आणला.

२४ फेब्रुवारी

सासूबाईंच्या एकतीस चिठ्ठ्या काढल्या. 'बोलणारी' खोडलं, त्या जागी 'ऐकणारी' लिहिलं. ऐकणारी: सासूबाई. वय अंदाजे अठरा ते चाळीस.

संपादकांचा फोन. "बाई, असा रकाना आपल्याकडे नाही."

"मग करा."

"शंभर वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत. ऐकणारी कोण, हे आता कुठून आणायचं?"

"नसेल तिथे 'माहीत नाही' लिहा. किती ठिकाणी लिहावं लागतंय ते तरी दिसेल."

शेवटी म्हणाले, फक्त तुमच्या विभागापुरतं करू. मी आवाज चढवला नव्हता.

मग सहज म्हणून जुनी चिठ्ठी काढली, काकूबाई. ऐकणारी: मी, वय एकोणीस, वर्गात, वेणीवरून. पुढची काढली. तिसरी. दुपार त्यातच गेली. मी चिडत नाही असं संपादक का म्हणाले होते?

२ मार्च

सासूबाई घरी आल्या. पडून असतात. दिवसाची नर्सबाई ठरवली, नऊ ते साडेसहा. हातात ताकद, तोंडात गाणी, मला आवडली.

संध्याकाळी हे नवं कुलूप घेऊन आले.

"आता त्या उठूसुद्धा शकत नाहीत," मी म्हटलं.

"बऱ्या झाल्यावर? सवय राहिलेली बरी."

"मी १० तारखेपासून कचेरीत जाणार आहे. तीन आठवडे."

"आईला या अवस्थेत टाकून? लोक काय म्हणतील तुला?"

"माझ्याकडे त्याची पूर्ण यादी आहे," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. यांना विनोद वाटला नाही. मलाही नाही. उद्यापासून ते कुलूप लागणार, नर्सबाईसकट.

९ मार्च

उद्या जायचंय. यांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

दुपारी सासूबाईंना भरवत होते. डोळे स्वच्छ होते. "तू कोण गं?"

"तुमची सून."

"तुला पण कोंडलंय?"

नर्सबाई कपड्यांच्या घड्या करत होती, तिचे हात थांबले. मी म्हटलं, "हो."

"कोणी?"

मला सांगवेना. त्याच म्हणाल्या, "थांब, माझा मुलगा येईल शाळेतून. धाकटा. किल्ली त्याच्याकडे असते. मी सांगते त्याला, तुलाही सोड म्हणून. तो ऐकतो. शहाणा आहे."

साडेसहाला हे आले. कुलूप काढलं, आत आले, आईपाशी वाकले. त्यांनी यांच्या गालावर हात ठेवला. "आलास? हिला पण सोड रे. हिने काही केलं नाही."

हे हसले नाहीत. आईचा हात गालावरून काढून शालीखाली ठेवला आणि मोरीत जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिले. नळ वाहत होता.



१० मार्च

सकाळी हे मी उठायच्या आधीच गेले होते. जाळी नुसती ओढलेली. कुलूप कडीत उघडं लटकत होतं, आणि त्यात किल्ली. मुद्दाम ठेवली की विसरले, ते माहीत नाही. विचारणारही नाही.

नऊला नर्सबाई आली. सासूबाईंना औषध दिलं, निघते म्हणून सांगितलं. त्या झोपेत होत्या. जिना उतरले. ऊन चांगलं पडलं होतं. बसस्टॉपवर उभी राहिले. दोन महिन्यांनी एकटी कुठेतरी निघाले होते आणि कोणी माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. इतकं बरं वाटलं!

बस समोर आली. पैसे काढायला पर्समध्ये हात घातला, तर हाताला किल्ली लागली.

मी जाळी ओढून कुलूप लावून आले होते. आत त्या दोघी.

कधी लावलं, आठवतच नाही. हाताने आपणहून लावलं. बस सोडली आणि धावत सुटले, धापा टाकत जिना चढले. नर्सबाई स्वयंपाकघरात गुणगुणत होती. तिला काही कळलंच नव्हतं. "काय विसरलात?" तिने विचारलं. "काही नाही," म्हटलं. कुलूप काढलं, पर्समध्ये टाकलं, पुन्हा खाली उतरले.

कचेरीत पोहोचायला पंचवीस मिनिटं उशीर झाला. संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "माफ करा. दाराला कुलूप लावायचं राहिलं होतं, म्हणून अर्ध्यातून परत गेले."

अगदी उलट सांगितलं. का सांगितलं, ते अजून कळत नाही. ते म्हणाले, "होतं असं," आणि माझं टेबल दाखवलं. खिडकीजवळचं आहे. बसले, पहिलं खोकं उघडलं.